पुसलेला हात

हात पुसायची सवय मला बाबांकडून लागली. त्याच सवयीपायी मी वलगावच्या एका बाईच्या लेकीचा हात पुसून टाकला. लेक गेलेली होती, आणि तिची तेवढी एकच खूण भिंतीवर लावायला ती माय तयार झाली होती. हे आधीच सांगून टाकते. मागाहून सांगायची हिंमत होईल की नाही, कोण जाणे.

बाबांचं अकोल्याला छोटं दुकान होतं. गेलेल्या माणसांचे फोटो मोठे करायचे आणि त्यावर ब्रशनं रंग भरून ते भिंतीवर लावण्याजोगे करायचे, हा त्यांचा धंदा. तेव्हा बहुतेकांकडे स्वतःचा एकट्याचा फोटो नसायचाच. कुणाच्या तरी लग्नातला घोळका घेऊन लोक यायचे आणि बोट ठेवून सांगायचे, ‘हे आमचे बाबा.’ बाबा त्या घोळक्यातून माणूस वेगळा काढायचे. जन्मभर नुसत्या बंडीवर वावरलेल्या माणसाला कोट घालायचे, टोपी द्यायचे, मिटलेले डोळे उघडायचे. घरचे लोक खूश होऊन म्हणायचे, ‘अगदी तसेच दिसतात!’ बाप्पा, कुठले तसेच! पण बाबा हसायचे नाहीत.

एका बाबतीत मात्र ते फार कडक होते. घोळक्यातल्या फोटोत कुणाचा ना कुणाचा हात त्या माणसाच्या खांद्यावर, पाठीवर असतोच. तो पुसायचा म्हणजे पुसायचाच. गेलेल्याच्या फोटोला हार चढतो, टिळा लागतो. त्या चौकटीत जिवंत माणसाचं नखसुद्धा राहता कामा नये, अशुभ असतं, असं ते म्हणायचे. मी दहा-अकरा वर्षांची असल्यापासून हे हात पुसायचं काम माझ्याकडे होतं. हाताच्या जागी कोटाचं कापड भरायचं, घडीवर घडी जुळवायची. माझ्याइतकं बेमालूम काम बाबांनाही जमत नसे.

बाबा गेले तेव्हा त्यांचा फोटो मीच केला. दुकानातच काढलेला होता. बाबा कोट घालून खुर्चीत बसलेले, मागं आई, तिचा हात बाबांच्या खांद्यावर. आईला मी बाजूला कापलं, खांद्यावर राहिलेला हात पुसला. आईनं फोटो बराच वेळ बघितला.

“माहा हात काढला का?” तिनं विचारलं.

“काढावाच लागतो ना, आई.”

“हो, काढावाच लागते,” ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. त्यावर आमचं दोघींचं पुढं कधी बोलणं झालं नाही. आता आईलाही जाऊन बरीच वर्षं झाली.

लग्नानंतर मी अमरावतीला आले, शाळेत चित्रकला शिकवली. पोरांच्या वह्यांतले डोंगर आणि त्यामागून उगवणारा तो एकच सूर्य बघून बघून डोळे गेले, मग एकदाची रिटायर झाले. कुत्र्यांची चित्रं काढायला लागले ती निव्वळ अपघातानं. शाळेतल्या माझ्याबरोबरच्या एका बाईंचं पामेरियन मेलं. त्या इतक्या रडत होत्या, की मी वैतागून म्हटलं, ‘अहो, फोटो द्या, काढून देते तुमचं कुत्रं, पण रडणं थांबवा.’ ते चित्र त्यांनी दहा जणांना दाखवलं आणि माझ्यामागं हे लचांड लागलं. बाबांनी माणसं काढली, मी कुत्री काढते. हसायचं तर हसून घ्या.

व्हॉट्सॲपवर फोटो येतात. सोफ्यावरचे, बाथरूममधले, फ्लॅशनं डोळे लाल झालेले. सोबत सूचना असतात, मागची कचऱ्याची बादली काढा, पट्टा काढा, डोळ्यातली घाण काढा. दहातली नऊ कुत्री मेलेलीच असतात. मला कुत्र्यांचं आधी काही वाटत नसे, खोटं कशाला सांगू. पण फोनवर दणकट आवाजाचा एखादा गडी ‘मॅडम, आमचा गेला हो’ म्हणतो आणि पुढं त्याला बोलता येत नाही, तेव्हा मीही पैशांचं बोलणं सोडून कुत्र्याचं नाव विचारते. आणि जवळजवळ प्रत्येक फोटोत एक हात असतोच. कुत्र्यानं इकडं बघावं म्हणून मान धरलेला, नाही तर नुसता डोक्यावर ठेवलेला. तो मी कुणी न सांगताच पुसते. हाताच्या जागी बारीक ब्रशनं केस भरते. हात कुठं होता ते दाखवा बरं, असं मनातल्या मनात म्हणते.

अमरावतीजवळच्या वलगावहून त्या बाईच्या नवऱ्याचा फोन दसऱ्याच्या सुमाराला आला. भाजीपाल्याचा मळा होता त्यांचा.

“कुत्र्याचं चित्र पायजे होतं, बाई. फोटोत जसं हाय तसंच काढा.”

सगळेच तसं म्हणतात, आणि मग म्हणतात, जरा नाक उजळ करा. मी हो हो म्हटलं. फोटो आला. तांबूस गावठी कुत्रा, छातीवर पांढरा डाग. मान डावीकडं कललेली, डोळे अर्धे मिटलेले, अगदी सुखात. डाव्या बाजूनं एक हात आत आलेला, बोटं मानेच्या केसांत रुतलेली, मनगटाला काळा दोरा. बाकी माणूस फोटोच्या बाहेर. मी नेहमीप्रमाणे हात पुसला, केस भरले. चित्र इतकं झकास झालं, की मीच दोन दिवस त्याच्यावर खूश होते.

चित्र न्यायला नवरा-बायको दुपारी ऑटोनं आले. दार उघडते तर ऑटोतून आधी कुत्राच उतरला. तोच तांबूस, तोच पांढरा डाग.

“अगं बाई! हा तर जिवंत आहे!” माझ्या तोंडून गेलं.

“मंग? तुमी मेला समजल्या का?” तो माणूस जरासा हसला. बाई हसली नाही. चाळिशीची असेल. शेतात राबलेलं अंग, डोक्यावरून घेतलेला पदर. घरात आली तरी तिनं माझ्याकडं नीट पाहिलंही नाही. चित्रावर मी जुन्या साडीचा तुकडा टाकून ठेवला होता, तो ओढला.

माणसानं चित्र बघितलं आणि लगेच मान खाली घातली. बाई जवळ गेली. कुत्र्याच्या तोंडाकडं तिनं पाहिलंच नाही. तिचं बोट थेट मानेपाशी, मी भरलेल्या केसांवर गेलं.

“इथं होता,” ती म्हणाली.

“काय होतं?”

“हात.” मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, “तर मंग हा कोनावर टेकून राहिला?”

मी चित्राकडं पाहिलं. खरंच, कुत्रा कशावर तरी सगळा भार टाकून उभा होता आणि तिथं काहीच नव्हतं. एवढं मला कसं दिसलं नाही? पण चूक दिसली की मी आधी भांडते, ही माझी जन्माची खोड.

“अहो, हात सगळेच काढायला सांगतात. चित्रात माणसाचा हात काहून ठेवायचा?”

“म्या नव्हतं सांगतलं काढाले,” तो माणूस हळूच म्हणाला. “म्या म्हटलं होतं, जसं हाय तसंच.”

मग त्यानंच सांगितलं. बाई चित्रापुढं उभी होती, तिला ऐकू जात होतं, तरी तो सांगत राहिला. हात त्यांच्या लेकीचा होता. कॉलेजात जायची, रोज एस.टी.नं ये-जा. पावसाळ्यात ताप आला आणि चार दिवसांत गेली. कुत्रा तिनंच रस्त्यावरून उचलून आणलेला. हा फोटो काढताना बाप म्हणत होता, तूही ये फोटोत. ती लाजून बाजूला झाली, हात तेवढा आत राहिला. तिचे दुसरे फोटो होते घरात, पण माय एकही भिंतीवर लावू देत नव्हती.

“लावला का हार घालावा लागन, म्हणते. हार घातला का गेलीच समजा, म्हणते,” तो म्हणाला. “म्हणून म्या म्हटलं, कुत्र्याचं लावू. कुत्र्याले कोन हार घालते? ह्याले तेवढी हो म्हणली ती.”

मी खाली बसले. जिवंत माणसाचा हात गेलेल्याच्या चौकटीत नको, म्हणून मी जन्मभर हात पुसले. आणि इथं कुत्रा जिवंत होता, हात गेलेल्या पोरीचा होता, आणि तोच मी पुसला होता. मला माझीच इतकी चीड आली, की त्यांना पाणी विचारायचंही सुचलं नाही.

“परत काढून देते,” मी म्हटलं. “आठ दिवस द्या.”

“नाही जमलं तं नाई,” बाई म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. दोघं कुत्र्याला घेऊन रिकाम्या हातानं परत गेले.

दुसऱ्या दिवशी फोटो उघडून मोठा करून बघितला. जरा मोठा केला की बोटांचे नुसते चौकोन व्हायचे. काळा दोरा तेवढा कळत होता. पेर कुठं, नख कुठं, काही नाही. आरशात स्वतःचा हात बघून काढला, तर तो मास्तरणीचा हात झाला, खडू धरून धरून जाड झालेला. पुसला. कामवालीचा हात बघून काढला, तोही परका वाटला. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी मी वलगावला फोन लावला.

“भाऊ, ताईंना घेऊन या. कुत्र्यालाही आणा.”

बाईला मी स्टुलावर बसवलं. फोनमधला फोटो पुढं धरून विचारलं, “तिचा हात कसा होता हो?”

ती बराच वेळ स्वतःच्या हातांकडं बघत राहिली. “माह्यावरच गेल्ता,” ती म्हणाली. “लांब बोटं. सगळे म्हनत, मायचेच हात घेऊन आली.”

“मग ठेवा तुमचा हात त्याच्या मानेवर. फोटोत आहे तसा.”

तिनं हात पुढं केला, पण ठेवेना. ती पोर गेल्यापासून तिनं त्या कुत्र्याला हात लावला नव्हता, हे मला तिच्या नवऱ्यानं मागाहून सांगितलं. खायला घालायची, पण लांबून सरकवायची. शेवटी तिनं बोटं त्याच्या केसांत घातली. कुत्रा आधी नुसता उभा राहिला. मग त्यानं मान कलती केली, डोळे अर्धे मिटले आणि सगळा भार तिच्या हातावर टाकला. हुबेहूब फोटोतल्यासारखा.

“अवं माय,” ती म्हणाली आणि रडायला लागली. आवाज न करता नाही, चांगली मोठ्यानं, शेजारच्या घरी ऐकू जाईल अशी. नवरा उठून जवळ आला, तसं तिनं दुसऱ्या हातानं त्याला थांबवलं. कुत्र्याच्या मानेवरचा हात तिनं हलवला नाही. “तुमी काढा, ताई. मी हलत नाई.”

मी डोळे पुसत पुसत काढलं. मलाही रडू येत होतं, त्याची लाज वाटली नाही. दोन तास ती तशीच बसली. केलेला चहा निवून गेला. शेवटी तिला चित्र दाखवलं, तर ती निरखून म्हणाली, “नखं कमी करा. कुरतडत जाय ती. लई रागवो मी तिले त्याच्यावरून.”

मी नखं कमी केली. एका नखाची कड तुटकी ठेवली. तेव्हा कुठं तिनं मान हलवली. “हा. हाच,” ती म्हणाली, आणि चित्र ओलं आहे म्हणून सांगितलं तरी मांडीवर घेऊनच ऑटोत बसली. कुत्रा तिच्या पायाशी बसला.

चित्र त्यांनी चुलीच्या खोलीत लावलंय, असा त्या माणसाचा फोन आला. हार नाही. भाकरी करता करता ती कधी कधी चित्राशी बोलते, म्हणाला, आणि कुत्र्याला आता हातानं खाऊ घालते.

त्या फोननंतर मी उठले आणि बाबांची फ्रेम खाली काढली. हार उतरवला, मागचे खिळे उपटले, काच बाजूला ठेवली. म्हटलं, आईचा हात परत काढू. एवढं एका परक्या बाईसाठी केलं, मग आईसाठी का नको. मूळ फोटो अकोल्याचं घर सोडताना कधीच हरवला होता. मी रंग कालवले आणि स्वतःचा हात समोर धरला. पण माझा हात बाबांवर गेलाय, रुंद पंजा, आखूड बोटं. आईचे हात कसे होते ते आठवू लागले. तिच्या पोळ्या आठवल्या, तिनं घातलेली वेणी आठवली, हात काही आठवेनात. असू दे, म्हटलं, निदान जागा तरी बघू. चष्मा लावून कोटाचं कापड पुन्हा पुन्हा न्याहाळलं, उजेडात तिरपं धरून पाहिलं. घडीवर घडी अशी जुळवली होती मी, की कुठं काही सापडेना. आईनं कुठल्या खांद्यावर हात ठेवला होता, डाव्या की उजव्या, तेवढंही मला सांगता येईना.