मास्तरांनी गांडुळांना हवा दिली

हयातभर ट्रम्पेट फुंकून बँडमास्तर निवृत्त झाले, तेव्हा बँडने त्यांना निरोप दिला आणि शेजाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण मास्तरांची छाती काही निवृत्त झाली नाही. जिन्यात कोणाला धाप लागलेली दिसली की हे आडवे आलेच. "पोटातून घ्या श्वास, पोटातून!" धाप लागलेल्या माणसाला पळता येत नाही, त्यामुळे श्रोत्यांची वानवा नव्हती.

बाबांचा वेळ जावा, म्हणजे आईला जरा निवांत बसता यावं, म्हणून लेकीने गांडुळांचा डबा आणून दिला. भाजीची देठं नि साली टाकायच्या, खत होतं.

मास्तरांनी झाकण उघडलं. ओली माती, तिच्यावर ओलं पोतं.

"अगं, गुदमरतायत बिचारी!"

"त्यांनी सांगितलं का तसं?" बायको म्हणाली. पण तिचं बोलणं ट्रम्पेटच्या काळापासूनच त्यांना ऐकू येत नसे.

मास्तरांनी माती टोपलीत पसरून गॅलरीत उन्हाला ठेवली, वर टेबलफॅन सोडला आणि परोपकाराच्या समाधानात दुपारची ताणून दिली. उठून पाहतात तो वरची गांडुळं वाळून सुतळीचे तुकडे झालेली.

लेक फोनवर उखडली. "बाबा, त्यांना फुफ्फुसं नसतात! ती कातडीने श्वास घेतात. कातडी ओली असली तरच हवा त्या ओलाव्यात विरघळून रक्तात उतरते. तुम्ही त्यांना वाळवलंत, म्हणजे नाकच दाबलंत."

"फुफ्फुसंच नाहीत?" मास्तरांना तो स्वतःचा अपमान वाटला.

तरी चूक त्यांनी मोठ्या मनाने सुधारली. माती डब्यात परत भरली आणि वर बादलीभर पाणी ओतलं. तासाभरात तळाची वाचलेली गांडुळं जिवाच्या आकांताने डब्याच्या कडा चढू लागली.

पुन्हा फोन. "तुंबलेल्या पाण्यात हवा कितीशी टिकणार? पिळलेल्या फडक्याइतकी ओल पुरे, बाबा. तेवढीच!"

मास्तरांनी पाणी काढलं, कोरडी माती मिसळली आणि एकेक गांडूळ उचलून आत सोडलं. शेवटचं तळहातावर वळवळत राहिलं. गार, ओलं, छाती नाही की नाक नाही. मास्तर त्याच्याकडे बघत कितीतरी वेळ गप्प उभे होते.

घरातली ती शांतता ऐकून बायको धावत बाहेर आली. "अहो, बरं वाटत नाही का तुम्हाला?"