तळपायासमोरची खूण

माझी भावजय गेली ती डॉक्टरबाईंच्या हलगर्जीपणामुळे, असं आमच्या घरात परवापरवापर्यंत सांगितलं गेलं. ते खोटं आहे. खरं काय ते मला एकट्याला माहीत होतं आणि मी दोन वर्षं गप्प बसलो. आता अठ्ठ्याहत्तरी उलटली. हे लिहून ठेवल्याशिवाय मी राहणार नाही.

नारायण पेठेतल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघानं त्वचेच्या कर्करोगाची मोफत तपासणी ठेवली होती. डॉक्टरबाई तरुण होत्या. आदल्या दिवशी आम्हा स्वयंसेवकांना त्यांनी बजावलं, "आपल्याकडे हा रोग तळपायावरही निघतो, जिथे ऊन लागत नाही तिथे. चेहरा सगळे दाखवतात, तळपाय कोणी दाखवत नाही. तुम्ही प्रत्येकाचे बघा. डाग दिसला की मला सांगा."

दाराशी स्टूल, बॅटरी आणि छापील अर्ज घेऊन मी बसलो. आलेल्यानं चपला काढून स्टुलावर पाय ठेवायचा, मी तळवा बघायचा आणि ‘तळपाय पाहिले’ यासमोर खूण करायची. बाकीचं अंग आत डॉक्टरबाई बघत आणि खाली सही करत.

"काका, भेगा मोजताय का?" असं म्हणत लोक पाय वर करत होते. मीही उत्तरं देत होतो. काम चोख चाललं होतं.

दुपारी भावजय आली. धाकटा भाऊ स्कूटर लावायला जागा शोधत बाहेरच राहिला होता. तिनं स्टूल पाहिलं, मला पाहिलं आणि थबकली. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्यासमोर पाय पसरून बसलेली मला आठवत नाही.

"भाऊजी, टाचेला एक काळा ठिपका आहे," ती हळूच म्हणाली. "पण तुमच्याकडे तळवा कसा करू?"

आत परिचारिका होती. एक हाक पुरली असती. पण मलाही अवघडलं होतं, आणि मागे रांग होती.

"राहू दे. गच्चीवर अनवाणी फिरतेस, काहीतरी रुतलं असेल," मी म्हणालो आणि खूण करून टाकली. ती सुटल्यासारखी हसली. आत डॉक्टरबाईंनी ती खूण पाहिली, चेहरा, मान, हात तपासले आणि सही केली.

तो ठिपका चिघळला तोवर रोग जांघेतल्या गाठींपर्यंत पोचला होता. पुढे तो अंगभर पसरला. शेवटपर्यंत तिनं माझं नाव घेतलं नाही.

ती गेल्यावर भावानं तो अर्ज काढला. "तळपाय पाहिले म्हणे. डोळे मिटून पाहिले असतील," म्हणाला आणि संघाकडे डॉक्टरबाईंविरुद्ध लेखी तक्रार केली. बाईंनी एवढंच उत्तर दिलं, "सही माझी आहे, जबाबदारी माझी." संघानं त्यांना बोलावणं बंद केलं. त्या बैठकीला मी हजर होतो. मी मान खाली घालून बसलो.

गेल्या रविवारी सदाशिव पेठेत भावाकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

"दोन वर्षं माझ्याकडे येऊन चहा पितोयस, दादा."

"हो."

"साखर बरोबर लागत होती ना?"

तो उठला, कागद आणून माझ्यापुढे ठेवला. "तक्रार मी केली, मी मागे घेतो. कारण तू लिही. तुझ्या हातानं."

मी लिहिलं. त्यानं चष्मा लावून दोनदा वाचलं.

"सही केलीस. नातं लिहिलं नाहीस."

सहीखाली मी लिहिलं, ‘थोरला दीर’. मग त्यानं सही केली.

सोमवारी तो कागद मी संघाच्या बैठकीत उभं राहून वाचला आणि नंतर डॉक्टरबाईंच्या हातात दिला. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मीही विचारायला हवं होतं. आता स्त्रियांसाठी पडदा लावा आणि तिथे बाईच बसवा. तरच येईन."

पुढच्या महिन्यात तपासणी आहे. पडदा शिवून झाला आहे. पुरुषांच्या स्टुलापुढे मी बसणार. पहिलं नाव भावानं स्वतःचं दिलंय. दादासमोर पाय वर करणं त्यालाही जड जाणार आहे. पण पाहिल्याशिवाय मी खूण करणार नाही.