एका सेल्फात सुरू होणारी गाडी

माझ्या भावोजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, महाडपासून पोलादपूरपर्यंतच्या एकाही गाडीची बॅटरी तपासायची बाकी ठेवलेली नाही, आणि त्यातल्या एकाही मालकाने त्यांना तसं करायला सांगितलेलं नव्हतं. माणसं भेटली की एकमेकांची तब्येत विचारतात, भावोजी माणसाला ओलांडून बॉनेटकडे बघत विचारायचे, "किती वर्सं झाली हिला?" एका लग्नात पाठवणीच्या वेळी नवरदेवाची फुलांनी मढवलेली गाडी घुर्र, घुर्र, घुर्र करत कशीबशी सुरू झाली. नवरीची आई पदर डोळ्यांना लावून उभी, आम्ही बायका नाकं ओढतोय, आणि हे गृहस्थ खिडकीतून आत मुंडकं घालून म्हणतात, "सेल्फ दमलाय. चौथं वर्स लागलं ना बॅटरीला? बदला, नायतर पोर घाटात अडकंल." झालं! नवरीच्या आईने गळाच काढला. मला मेलीला कुठे तोंड लपवू असं झालं. मी शाळेत पोरांना गप्प बसवते, पण भावोजींना गप्प बसवणं मला कधी जमलं नाही.

तसे हे जन्मापासून असे नव्हते. उभा जन्म तहसील कचेरीत कारकुनी केलेला माणूस. सातबाऱ्यातली खाडाखोड एका नजरेत ओळखतील, पण गाडीला बॅटरी कुठल्या बाजूला असते हे त्यांना माहीत नव्हतं. मग तीन वर्षांपूर्वी ताईच्या दोन्ही किडन्यांनी मान टाकली. त्यांचं घर पोलादपूरला, डायलिसिसचं मशिन महाडला. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सातची तिची पाळी. ती चुकली की मशिनवर दुसरा पेशंट, आणि ताईच्या अंगात पाणी साठून तिला धड आडवंसुद्धा होता येत नसे. म्हणून भावोजींनी एक जुनी गाडी घेतली, आणि तिसऱ्याच आठवड्यात एका शुक्रवारी त्या गाडीने चावी फिरवल्यावर नुसतं 'टक' केलं आणि ती गप्प झाली. आदल्या संध्याकाळी मागचं दार नीट लागलं नव्हतं, टपाचा चिमुकला दिवा जळत राहिला होता. बॅटरी पार उतरली. ताई त्या दिवशी भाजीच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून, तोंडाने श्वास घेत महाडला आली. मी महाडलाच राहते, दवाखान्याच्या दारात उभी होते. तिचे ओठ निळे पडले होते. भावोजी मागे कोबीच्या गोणींवर बसून आले होते आणि उतरल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्यामुळं झालं हो हे." त्या दिवसापासून या माणसाने गाडी ह्या जन्मात पुन्हा अडू द्यायची नाही असं मनाशी ठरवलं.

मग काय विचारता! हायवेवरच्या एका वायरिंगवाल्याकडे जाऊन बसले, पंधरा दिवस त्याचं डोकं खाल्लं, आणि परत आले ते शास्त्र शिकूनच. हॉर्नचा घसा बसला, समजावं. गाडी उभी असताना दिवे पिवळे आणि रेस केल्यावर पांढरे, समजावं. चावी फिरवताना काट्यांवरचे दिवे विझू विझू झाले, गाडीतलं घड्याळ आपोआप बारावर गेलं, समजावं. आणि बॅटरीचं पोट फुगलं किंवा सडक्या अंड्याचा वास आला तर हातसुद्धा लावू नये. हा शेवटचा धडा त्यांनी फारच मनावर घेतला होता. ताई मशिनवर असायची ते चार तास हे दवाखान्याच्या आवारात एकेका गाडीला नाक लावत फिरायचे. एकदा कुणा साहेबाच्या गाडीच्या बॉनेटवर हे ओणवे झालेले ड्रायव्हरने पकडले. "काय हुडकताय काका?" "सडकं अंडं," भावोजी अगदी गंभीरपणे म्हणाले. तो बिचारा मला बाजूला घेऊन विचारायला लागला, यांचे उपचार कितव्या मजल्यावर चालू आहेत म्हणून. पण चार दिवसांनी तोच ड्रायव्हर हात जोडत आला. बॅटरी फुगून साहेब भर बाजारात अडकले होते.

घरात तर छळवादच. खायच्या सोड्याचा डबा सदा रिकामा, कारण गरम पाण्यात सोडा घालून हे जुन्या दातघासणीने बॅटरीच्या टर्मिनलवरचा हिरवा-पांढरा बुरा घासायचे. त्यामुळे ताईकडची भजी दगडासारखी व्हायची. मग टर्मिनल कोरडं पुसून त्यावर व्हॅसलीन. कुठलं? ताईच्या टाचांचं! बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर फडताळात देवाच्या तीर्थासारखं जपलेलं. दर रविवारी झाकणं उघडून, चष्मा पुसून, पाणी दोन रेघांच्या मध्ये आहे ना ते बघायचे, आणि तिथून उठून ताईचा पाण्याचा तांब्या बघायला यायचे. तिला दिवसाला मोजून अर्धा लिटर पाण्याची परवानगी होती. चहा, आमटी सगळं त्यातच. ताई मला म्हणायची, "बघ गो, बॅटरीला पाणी कमी पडलेलं ह्यांना खपत नाय, नि मला जास्त झालेलं. तिच्या जागी मी नि माझ्या जागी ती असती तर बरं झालं असतं." ती हसायची, आणि हसता हसता तिला धाप लागायची.

शिवाय गाडी जवळच्या जवळ काढायची नाही, हा एक वेगळाच जाच. पाच मिनिटं चालवून बंद केली तर सेल्फ मारताना गेलेलं परत भरत नाही म्हणे. मी पोलादपूरला गेले की मला एस.टी. स्टँडवर घ्यायला यायचे आणि स्टँडपासून हाकेच्या अंतरावरच्या घरी न्यायचं सोडून आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागायचे. मी भुकेने कळवळतेय आणि हे म्हणतायत, "बसा हो मास्तरीणबाई, अर्धा तास. जरा चार्ज होऊ द्या तिला." गणपतीत मुंबईहून आलेले चाकरमानी गाडीचं दार उघडं टाकून दिवसभर आरत्या लावायचे, आणि गौरी-विसर्जनानंतर निघायच्या वेळी गाड्यांनी राम म्हटलेला असायचा. मग भावोजी गळ्यात जंपर केबल घालून निघायचे. "लालाला लाल. मग काळी चांगल्या बॅटरीला. शेवटचा चिमटा बंद गाडीच्या इंजिनाच्या लोखंडाला, बॅटरीला नाय! उडून जाल सगळी!" लोक हसायचे, पण मुंबईला पोचायचे.

असं सगळं चालू होतं, आणि गाडी पुन्हा एकदाही अडली नाही. भर पावसात, कडाक्याच्या थंडीत, एका सेल्फात सुरू. ताई मात्र दर महिन्याला अंगाने सुकत चालली होती. खोटं कशाला बोलू, मला ते दिसत होतं आणि मी ते बोलत नव्हते. भावोजींनाही दिसत असणार. ते उठून बॉनेट उघडायचे.

गेल्या भाद्रपदात ताईला महाडच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. नवव्या दिवशी सिस्टर मला म्हणाली, "उद्या डिस्चार्ज हां यांना." मी आनंदाने वेडीच झाले. माझ्या मुलाला फोन, माझ्या जावेला फोन. वर बाजारात जाऊन पेढे आणले. भावोजी बाकावर बसले होते. मी पेढा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. "डिस्चार्ज म्हंजे काय, ठाव हाय ना तुम्हाला?" म्हणाले. मी चिडलेच. "पुरे झालं तुमचं! निदान इथे तरी ती बॅटरी आणू नका." ते खाली बघत म्हणाले, "सकाळी डॉक्टरनी आत बोलावलं होतं. हृदयाला आता मशिन सोसायचं नाय. घरी न्या म्हणाले. आठ-पंधरा दिवस." पेढ्यांचा पुडा माझ्या हातातच राहिला. त्यांनी तो माझ्याकडून घेतला आणि वॉर्डातल्या आयांना वाटून टाकला. कुणी विचारलं तर सांगत होते, "आमच्या हिला घरी सोडतायत."

दुसऱ्या दिवशी गाडी एका सेल्फात सुरू झाली. हायवेवर ताईला तहान लागली. नेहमीप्रमाणे तिने घोटभर मागितलं. भावोजींनी गाडी कडेला घेतली, एका टपरीवरून पाण्याची भरलेली बाटली आणली, झाकण उघडलं आणि अख्खी तिच्या हातात दिली. "पी," म्हणाले. ताईने एकदा बाटलीकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. तिला सगळं समजलं. तीन वर्षांत प्रथमच ती पोटभर पाणी प्यायली, आणि मग म्हणाली, "किती गोड हाय हो पाणी." मी मागच्या सीटवर तोंडात पदर कोंबून बसले होते.

घरी आणल्यापासून अकराव्या दिवशी ती गेली.

कार्य आटोपल्यावर एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले. भावोजी पडवीत बसले होते. मी त्यांची समजूत घालायला म्हणून बोलत सुटले, की तुम्ही कशात काही कमी केलं नाहीत, एक पाळी चुकवली नाहीत, कुणी केलं नसतं एवढं केलंत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तेच तर हाय. येकदा जरी गाडी अडली असती ना शेवटी, तर म्हनलं असतं, गाडीमुळं गेली. आता काय म्हनू?"

मी आत गेले आणि चहा ठेवला. सवयीने तीन कप आधण टाकलं होतं. जास्तीचा आम्ही दोघांनी वाटून घेतला.