ओंजळीत उंदीर

सरांची सकाळ बायकोच्या आकड्याने सुरू व्हायची. चहा गॅसवर, फोन हातात. दोघंही मेंदूवर संशोधन करणारे, एकाच संस्थेत. दुसऱ्या कुणी आपल्या शोधनिबंधात तुमच्या निबंधाचा दाखला दिला, की तुमच्या नावावर एक सायटेशन चढतं. हे आकडे जगाला उघडे दिसतात. तीच तर पंचाईत.

मनात बसलेली भीती मेंदूतून जाते कशी, या एकाच प्रश्नामागे सरांनी उमेदीची वर्षं घातली. जाडजूड निबंध लिहिले. त्यांचे दाखले मोजायला हातापायाची बोटं पुरत. मॅडमनी, म्हणजे बायकोने, एकदा चार पानं लिहिली. प्रयोगातला उंदीर शेपटीला धरून उचलू नका, ओंजळीत घ्या. तो घाबरत नाही, निष्कर्ष बिघडत नाहीत. बस. त्या चार पानांचे दाखले हजारांत गेले.

"बाबा, आईचे किती झाले?" मुलगी दात घासता घासता विचारायची.

"बघितलं नाही."

"फोन तर उघडाच आहे."

संस्थेतला स्टोअरकीपर लांबूनच हाक मारायचा, "या, उंदीरवाल्या मॅडमचे यजमान!" सर हसायचे. पोटात दुखायचं ते वेगळंच.

यंदा मात्र सरांच्या हाती खरंच काहीतरी लागलं. भीती ओसरताना मेंदूतल्या मूठभर पेशी जाग्या होतात, हे त्यांना दिसलं. प्रोफेसरपदाची मुलाखत तोंडावर होती. निबंध नामांकित नियतकालिकात जाणार होता. घोडं अडलं एका वाक्यावर. उंदीर हाताळले कसे, ते लिहायचं होतं. हाताळले होते मॅडमच्याच पद्धतीने. तसं लिहायचं म्हणजे आपल्याच हाताने तिच्या आकड्यात भर घालायची. सरांनी लिहिलं, 'उंदीर नेहमीच्या पद्धतीने हाताळले.'

त्यांचा प्रत्येक मसुदा मॅडम वाचत. हाही वाचला.

"नेहमीची म्हणजे कुणाची रे?"

"सगळ्यांना कळतं."

"मला नाही कळलं."

"तुला तुझं नाव हवंय. सरळ सांग ना!"

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "हवंय. पण तुझा प्रयोग दुसरीकडेही जमायला हवा, ते जास्त हवंय."

सरांनी वाक्य तसंच ठेवलं. निबंध छापून आला. कौतुकही झालं. मग एक दिवस दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचा फोन आला.

"तुमचा प्रयोग आम्ही पुन्हा पुन्हा करून पाहिला. उंदरांची भीती जातच नाही. आम्ही तसं छापणार आहोत. म्हटलं, आधी तुमच्या कानावर घालावं."

सरांनी विचारलं, "उंदीर उचलता कसे?"

"शेपटीने. तुम्हीच लिहिलंय ना, नेहमीच्या पद्धतीने?"

'माझी एक युक्ती आहे,' हे शब्द सरांच्या जिभेवर आले. बाई वाट बघत होत्या.

"ओंजळीत घ्या," सर म्हणाले. "आमच्या हिची पद्धत आहे."

"अहो, मग लिहायला काय झालं होतं? तो निबंध आमच्या भिंतीवर चिकटवलाय! तुम्ही नेहमीची म्हणालात, म्हणून मुद्दाम शेपटीने उचलले."

बाईंनी प्रयोग नव्याने केला. जमला. त्यांचा निरोप आला त्या संध्याकाळी सरांनी जेवणाच्या टेबलावर बसून नियतकालिकाला दुरुस्ती लिहिली. बायकोचं नाव टाईप केलं. मॅडम शेजारी उभ्या राहून वाचत होत्या.

"पाठव."

सरांनी पाठवली.

"बरं वाटलं?"

"नाही."

"मलाही नसतं वाटलं." मॅडम खुर्ची ओढून बसल्या. "मेंदूवर मी इतकं लिहिलं. कुणी वाचलं? सगळ्यांना माझा फक्त तो ओंजळीतला उंदीर माहीत. तू कामाबद्दल बोलायला लागलास ना, की माझा नुसता जळफळाट होतो. असा प्रश्न मला का नाही सुचला?"

सर बघतच राहिले. "तुझा? जळफळाट?"

"मग काय! दर वेळी."

सरांना वाईट वाटायला हवं होतं. त्यांना बरं वाटलं. फारच बरं वाटलं. हसू दिसू नये म्हणून ते पाणी आणायला उठले.