नोंद घेतली

"कप्स आर इन द किचन, डिअर."

मी व्हिलेज हॉलच्या दारात उभी. अंगात कोट, हातात घडी घातलेला कागद. कागदावर तीन मिनिटांचं भाषण, आठवडाभर खाडाखोड करून लिहिलेलं. समोर आमच्या पॅरिश कौन्सिलच्या चेअरवुमन. शाळेत हेडमिस्ट्रेस होत्या, आता रिटायर्ड. हसून मला किचनची वाट दाखवत होत्या.

"द हॉट वॉटर टेक्स अ मिनिट," म्हणाल्या आणि वळल्या.

मी आत गेले. कोट खुंटीला लावला. बाह्या वर केल्या. सिंकमध्ये सकाळच्या कॉफी मॉर्निंगचे पंचवीस-तीस कप पडले होते. मी ते धुतले. एकेक करून. पुसून उलटे मांडलेसुद्धा.

कुणी ढकललं नव्हतं मला. मी नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलमध्ये वॉर्ड सिस्टर आहे. अख्खा वॉर्ड सांभाळते. नव्या डॉक्टरांना तोंडावर चूक दाखवते. पण त्या बाईने बोट दाखवलं आणि डोकं काही बोलायच्या आत माझे हात नळाखाली गेले होते. हे लिहिताना आजही कानशिलं तापतात.

किचनच्या खिडकीतून हॉलमधलं ऐकू येत होतं. पॅरिश कौन्सिल म्हणजे इथली ग्रामपंचायतच. सात मेंबर, एक क्लार्क, महिन्यातून एक मीटिंग. सुरुवातीची पंधरा मिनिटं गावकऱ्यांनी बोलायची. ती पंधरा मिनिटं मी कप विसळत होते. ओले हात घेऊन बाहेर आले तर क्लार्क म्हणाला, "सॉरी, पब्लिक सेशन इज क्लोज्ड. नेक्स्ट मंथ?"

टेबलाभोवती सात जण. त्यांतला एक मराठी.

डॉक्टर माझ्याच हॉस्पिटलमधून रिटायर झालेले. गावात तीस वर्षं. मी सिस्टर आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आम्ही नवे इथे राहायला आलो तेव्हा गणपतीला त्यांनी घरी बोलावलं होतं. हातावर मोदक ठेवता ठेवता विचारलं, "आडनावावरून लक्षात येत नाही. गाव कुठलं तुमचं?" मी गाव सांगितलं. "गावात कुठे?" मी म्हटलं, "गावात नाही. गावाबाहेर, बौद्धवस्तीत." "अच्छा, अच्छा," म्हणाले. पुढच्या वर्षीपासून बोलावणं नाही.

त्या संध्याकाळी मी किचनकडे जाताना त्यांनी मला पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. ही सिस्टर आहे, बोलायला आलीय. त्यांनी चष्मा लावला आणि अजेंड्याचं पान उलटलं.

मीटिंग संपल्यावर कार पार्कमध्ये मात्र जवळ आले. मराठीत बोलले.

"अहो, मनाला लावून घेऊ नका. चुकून झालं त्यांचं. आणि चार कप धुतले तर काय बिघडलं? तुम्हा लोकांना सवय असते तशी."

मी थँक यू म्हणाले. खरंच म्हणाले. थँक यू.

माझी मुलगी तेरा वर्षांची. त्या दिवशी मागच्या खुर्चीवर बसून होमवर्क करत होती. तिने सगळं बघितलं होतं. घरी चालत येताना म्हणाली, "मम, तू कप का धुतला? तुझं टर्न होता का?" तिचं मराठी असंच. मी तिच्यावर खेकसले.

माझी आई सरपंच होती. पाच वर्षं. जागा राखीव निघाली, उपसरपंचांना एक नाव हवं होतं, त्यांनी आईचं दिलं. ग्रामपंचायतीच्या ऑफिसात सरपंचाची खुर्ची होती, मागे पांढऱ्या रंगात 'सरपंच' लिहिलेली. आई तिच्यावर कधी बसली नाही. दाराजवळ, जिथे सगळ्यांच्या चपला, तिथे जमिनीवर बसायची. उपसरपंच बोलायचे, बाकीचे माना हलवायचे, शेवटी रजिस्टर आईपुढे सरकायचं आणि ती सही करायची. पुढे पुढे तर रजिस्टर शेतावर येऊ लागलं. आई खुरपं खाली ठेवायची, पदराला हात पुसायची, सही करायची.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. विचारलं होतं, "आई, तू खुर्चीवर का बसत नाहीस?"

"पाठ टेकली की झोप येते गं मला."

मी ते खरं मानलं. किती वर्षं मानलं. त्या रात्री कळलं, मुलीला खरं सांगता येत नाही तेव्हा आया काय काय सांगतात. मी तर ओरडलेच.

मी मीटिंगला गेले होते ते एका झुडपासाठी. आमची नवी घरं गावाच्या टोकाला. बस स्टॉप दुसऱ्या टोकाला. मधल्या रस्त्याला एकाच बाजूने फुटपाथ आणि त्यावर हेज, म्हणजे काटेरी झुडपांचं कुंपण, इतकं वाढलेलं की माणसाने गाड्यांतूनच चालायचं. जानेवारीत एका गाडीचा आरसा माझ्या कोपरावर आदळला. गाडी थांबली नाही. हात आठवडाभर काळानिळा. त्याच रस्त्याने माझी पोरगी रोज सकाळी अंधारात शाळेची बस पकडायला जायची. हेज कुणाचं? व्हाइस-चेअरमनचं.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा गेले. किचनकडे बघितलंसुद्धा नाही. पहिल्या रांगेत बसले आणि कागद वाचला. चेअरवुमन घड्याळ बघत होत्या. माझी तीन मिनिटं झाल्यावर व्हाइस-चेअरमन खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, "पीपल मूव्ह टू द कंट्रीसाइड अँड देन दे कम्प्लेन अबाउट द कंट्रीसाइड."

सगळे हसले. डॉक्टरही हसले.

मग मला समजावलं. मार्च लागला, आता पक्षी घरटी बांधणार, सप्टेंबरपर्यंत झुडपाला हात लावता येत नाही. शिवाय रस्ता काउंटी कौन्सिलचा, म्हणजे जिल्हा परिषदेचा. शिवाय आजवर कुणाची तक्रार नाही. "वुई हॅव नेव्हर हॅड अ प्रॉब्लेम," चेअरवुमन म्हणाल्या. वुई म्हणताना त्यांचा हात टेबलाभोवती फिरला. माझ्यापर्यंत आला नाही.

त्यानंतर कुत्र्यांच्या घाणीची पेटी चर्चला लागून असावी की दहा पावलं पुढे, यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली. एका बाईंच्या कुत्र्याचं नाव मिनिट्समध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, आलं. माझ्याबद्दल मिनिट्समध्ये एवढंच: एका रहिवासी महिलेने झुडपाबद्दल विचारले. नोंद घेतली.

कुत्र्याला नाव होतं.

त्या दिवसापासून मी एकही मीटिंग चुकवली नाही. ड्यूटी बदलून घ्यायचे. अजेंडा वाचायचे, जुनी मिनिट्स वाचायचे, कौन्सिलचे नियम वाचायचे. माझ्या बाजूला ब्रेंडा बसायला लागली. सत्तरीची, जुन्या कौन्सिल हाउसमध्ये, म्हणजे सरकारी भाड्याच्या घरात राहणारी, आयुष्यभर होजियरीच्या कारखान्यात मशीनवर बसलेली. पहिल्यांदा बोलली ती हेच, "दे डोन्ट लाइक मी आयदर, डक." इकडे सगळ्यांना लाडाने डक म्हणतात. पण तिने म्हटलं तेव्हा पहिल्यांदा मला बरं वाटलं.

सप्टेंबरमध्ये एक मेंबर गाव सोडून गेला. नोटीस बोर्डवर कागद लागला. जागा रिकामी आहे. दहा मतदारांनी लेखी मागणी केली तर निवडणूक होईल, नाहीतर कौन्सिल आपल्या पसंतीचा माणूस घेईल. बारीक अक्षरात, काचेच्या आत. मी काचेला नाक लावून दोनदा वाचलं. मग ब्रेंडाचं दार वाजवलं.

"हॅज देअर एव्हर बीन अॅन इलेक्शन हिअर?" मी विचारलं.

"नॉट दॅट आय रिमेंबर." आणि ती कोट घालायला लागली.

चार दिवसांत दहा सह्या झाल्या. तरीही मी सही मागायला डॉक्टरांच्या दारात गेले. का गेले? आपला माणूस म्हणून असेल. इतकं होऊनही कुठेतरी आत ते होतंच. त्याचीही लाज वाटते.

काकूंनी दार उघडलं. अर्धंच. "अगं, आत गौरींची तयारी चाललीय हं," म्हणाल्या आणि उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या. मागून डॉक्टर आले. मागणीचा कागद लांब धरून वाचला.

"अहो, तुमचा पासपोर्ट अजून इंडियन ना? मग हे कशाला? उगाच हसं होईल. एकाने काही केलं की इथे नाव सगळ्यांचं खराब होतं."

"कॉमनवेल्थच्या नागरिकाला मत देता येतं. मी इथे कायमची राहू शकते, म्हणजे मला उभंही राहता येतं. नियम वाचलाय."

"आता नियम वाचायला लागलात." हसले.

आजवर मी त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत आले होते. त्या दिवशी साहेब गळून पडलं.

"डॉक्टर, तुम्ही मला म्हणाला होतात, तुम्हा लोकांना सवय असते. आम्हाला सवय नव्हती. लावली होती. माझ्या आजीला लावली, आईला लावली. मी त्या दिवशी कप धुतले ही माझी चूक. पुन्हा होणार नाही. पण तुम्ही बघत बसलात, ती चूक नव्हती. तुम्हाला ते बरोबर वाटलं होतं."

"आवाज खाली. शेजारी ऐकतायत."

"शेजाऱ्यांना मराठी येत नाही. तुम्हाला येतं, म्हणून तर बोलतेय."

काकूंनी दार लावून घेतलं. मी फाटकापर्यंत आले. वीरश्री वगैरे काही नव्हती. पण मी कागद चुरगळला नव्हता. नीट घडी करून पिशवीत ठेवला आणि निवडणुका घेणाऱ्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलला जाऊन स्वतः देऊन आले.

निवडणूक लागली. माझ्या अर्जावर सूचक म्हणून ब्रेंडाची सही. समोर बागकाम क्लबच्या सेक्रेटरी बाई. त्यांच्या अर्जावर डॉक्टरांची सही.

मी दारोदार गेले. काहींनी ऐकून घेतलं. एकाने विचारलं, किती वर्षांनी परत जाणार? एका बाईने मला डिलिव्हरीवाली समजून पार्सल कुठे आहे विचारलं. माझ्याच रांगेतल्या नव्या घरांत तर अर्ध्या लोकांचं नाव मतदार यादीत नव्हतंच. दोन घरं आपल्याकडच्यांची. एकाने सांगितलं, "ताई, आपण यात नको पडायला. शांत राहतोय ते बरंय." दुसऱ्याने दारच उघडलं नाही. आत टीव्ही चालू होता.

मतदानाच्या आठवडाभर आधी, एका सकाळी, हेज कापलं गेलं. ट्रॅक्टर आला आणि दोन तासांत फुटपाथ मोकळा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आला, कौन्सिलच्या पाठपुराव्याला यश. खाली डॉक्टरांचे विशेष आभार. चाळीस अंगठे.

मी हरले. थोडक्यात नाही, सपशेल. निकालाच्या वेळी चेअरवुमनने माझा हात दोन्ही हातांत धरला. "सो ब्रेव्ह ऑफ यू," म्हणाल्या. शर्यतीत शेवटी आलेल्या लहान मुलीला म्हणावं तसं. मी हात काढून घेतला. जोरात नाही, पण त्यांना कळेल असा.

मुलगी आता त्या फुटपाथवरून नीट चालत बस स्टॉपला जाते. लोक मला म्हणतात, झालं ना काम? आता कशाला?

काम झालं, मान्य आहे. पण ते त्यांनी केलं, त्यांना हवं तेव्हा. मला हरवायची गरज पडली तेव्हा. उद्या गरज संपली की ते झुडूप पुन्हा वाढेल, आणि पुन्हा आमच्यापैकी कुणीतरी काळंनिळं कोपर घेऊन त्यांच्यापुढे उभं राहील, तीन मिनिटांसाठी. उपकार म्हणून मिळालेला फुटपाथ मला नको. मागून मिळतो तो हक्क नव्हेच.

मे महिन्यात सातही जागांची निवडणूक आहे. मतदार नोंदणीचे फॉर्म मी छापून आणलेत. दर शनिवारी ब्रेंडा आणि मी नव्या घरांत फिरतो. ज्याने टीव्ही बंद केला नाही त्याच्याकडे मी तीनदा गेलेय. चौथ्यांदा जाणार आहे. ब्रेंडा उभी राहतेय. पलीकडच्या गल्लीतली केअर होममध्ये काम करणारी केरळची बाई उभी राहतेय. मी उभी राहतेय. हरलो तर चार वर्षांनी पुन्हा.

आम्हाला कुणी बोलावलेलं नाही. बोलावण्याची वाट बघणं मी सोडलंय.