दगडाखालचं चीज

रोमन लोक गाव सोडून गेल्याला दीड हजार वर्षं झाली, पण कार्मोझीना मावशीचं म्हणणं, मेले सगळा पसारा तिच्याच अंगावर टाकून गेले. तिचं घर त्यांच्या नाटकगृहाच्या पायऱ्यांवर, खुराडं देवळाच्या चौथऱ्यावर. अवशेष बघायला आलेले लोक खांबांबरोबर तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांचेही फोटो काढत. "काढा," ती म्हणे, "तेही जुनेच आहेत."

यंदा मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पुरातत्त्वाची बाई घरोघरचे कोरीव दगड नोंदवत होती, आणि नोंदलेला दगड थेट संग्रहालयात जायचा. मावशीकडे पणजीपासून एक असाच दगड होता. मेंढीच्या दुधाचं चीज त्याच्याखालीच दाबायचं. एकदा दुसऱ्या दगडाखाली दाबलं, तर साबणासारखं लागलं. तिने दगड खुराड्यात लपवला आणि वर अंड्यांवरची कोंबडी बसवली.

बाई आली. एर्सिलिया नाव, वयाने लेकीसारखी. तिने माळा पाहिला, गोठा पाहिला, खुराड्यात हात घालून कोंबडीची टोच खाल्ली आणि निघाली.

आता जाऊ द्यावं की नाही? पण दारचं माणूस उपाशी पाठवायचं म्हणजे मावशीच्या जिवावर येणार. तिने वाइन ओतली, पाव कापला, चीजची अख्खी ढेप पुढे ठेवली.

पहिल्या घासाला एर्सिलियाने डोळे मिटले. दुसऱ्याला थबकली. ढेपेच्या पाठीवर उलटी अक्षरं उमटली होती. तिने पर्समधून आरसा काढला.

मावशीने कपाळावर हात मारला. "आता सापडलंच आहे, तर काय लिहिलंय ते तरी सांग. आमच्यात कुणाला वाचता आलं नाही."

"बायकोच्या थडग्यावर नवऱ्याने लिहिलंय. 'विबिया. घर सांभाळलं, लोकर कातली. तोंड मात्र...' पुढचं तुटलंय."

"पुढचं कळलं मला." मग मावशीचे डोळे भरून आले. "इतकी वर्षं माझ्या घरात राबतेय बिचारी, आणि मला तिचं नाव ठाऊक नाही."

एर्सिलियाने वही उघडली. "दगड गेला, तर चीज?"

"साबण."

एर्सिलियाने पान कोरंच ठेवलं. मग वही मिटून तिने सुरी घेतली, अक्षरांची सगळी पाठ कापली आणि सालासकट खायला बसली.

"मावशी," ती तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "पाव आहे का अजून?"