चार नंबरच्या मशीनवरचं तिसरं वळण

आमच्या कॉम्प्युटर क्लासचे किस्से मी मुद्दाम कधी जमवले नाहीत. जिथे चार माणसं दिवसभर एकमेकांकडे संशयानं बघतात, तिथे ते आपोआप साठतात. कोणी खुर्ची सरकवली, कोणी पासवर्ड बदलला, कोणी उगाच हसलं, प्रत्येक गोष्टीची चौकशी व्हायची आणि प्रत्येक चौकशीचा एक किस्सा व्हायचा. आता चहाला मित्र भेटले की त्यातला एखादा निघतोच, आणि एक निघाला की बाकीचे त्याच्या मागोमाग येतात.

गोंदिया आमच्या जिल्ह्यातून वेगळा होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, तरी आमच्या सर्टिफिकेटांचा गठ्ठा अधूनमधून गोंदियाला जाऊन पडायचा. क्लास लाखनीत, हायवेला लागून, टायरच्या दुकानाच्या वर. आठ मशीन. मालक हरिभाऊ, त्यांना आम्ही 'मोठे सर' म्हणायचो. शिकवायला मी, टायपिंगला वर्षा मॅडम आणि मशीन दुरुस्तीला प्रमोद. आणि चार नंबरच्या मशीनमध्ये, 'जुने पेपर' नावाच्या फोल्डरच्या पोटात, प्रमोदनं गुपचूप टाकलेला कार रेसिंगचा गेम.

शर्यत जिंकणं सोपं होतं. आमचा जीव अडकला तो ड्रिफ्टमध्ये. भरधाव गाडी वळणावर आडवी करायची, मागची चाकं घसरू द्यायची आणि तशी घसरतच वळणातून काढायची. जितकं लांब घसराल तितके पॉइंट. घाटाच्या ट्रॅकवर तिसरं वळण उलट्या बाजूचं होतं, म्हणजे दुसऱ्याची घसरण संपायच्या आत गाडी पलीकडे फेकावी लागायची. मी दर वेळी तिथून दरीत जायचो.

आता यात माझं लग्न अडकलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. दोन स्थळं मोडली होती. मुलीकडचे लाखनीत येऊन पानठेल्यावर चौकशी करायचे आणि कोणीतरी त्यांना सांगायचं की पोरगं दिवसभर व्हिडिओ गेम खेळते. सांगणारा कोण, ते मला आजही कळलेलं नाही. माझा क्लासमधल्या बाकी तिघांवरही संशय आहे. तिसरं स्थळ आसगावचं होतं, शेतकरी घरातलं. मुलीचं नाव वैशाली. फोटोत ती हसत नव्हती, कॅमेऱ्याकडे नीट निरखून बघत होती. मला ती फार आवडली. हे स्थळ मोडलं असतं तर आईनं माझा नाद सोडला असता आणि मीही.

* * *

मोठे सर जेवून आले की आठही मॉनिटरच्या पाठीवर हात ठेवत फिरायचे, घरात कोणाला ताप आहे का बघावं तसे. दुपारच्या सुट्टीत मशीन बंद ठेवायचा नियम होता. चार नंबर रोज गरम लागायचं. सर हात तसाच ठेवून माझ्याकडे बघायचे.

प्रमोदनं उपाय काढला. सुट्टीत आठही मशीन चालू ठेवायची!

सर आले. पहिल्यावर हात ठेवला, दुसऱ्यावर ठेवला, आठव्यापर्यंत गेले, परत पहिल्याकडे आले. मग बराच वेळ खिडकीतून हायवेवरचे ट्रक बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी बोर्डवर नोटीस लागली. 'लाखनीत उष्णता वाढल्याने दुपारी सर्व खिडक्या उघड्या ठेवाव्यात.'

* * *

पण सर हार मानणारे नव्हते. एका सकाळी त्यांनी आठही कीबोर्ड काढून टेबलावर ओळीनं मांडले आणि आम्हाला बोलावलं. सात कीबोर्डवरचे बाण ठळक होते. चार नंबरचे पार झिजून पांढरे पडले होते.

सरांनी विचारलं, "हे काहून झालं?"

मी छताकडे बघितलं. प्रमोद वायर गुंडाळायला लागला. तेवढ्यात वर्षा मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, नवीन पोरं अक्षर शोधत फिरून राहतेत ना. बाणानंच फिरतेत ते."

सरांना पटलं. मला पटलं नाही. ज्या बाईनं आयुष्यात कधी मला खडू उसना दिला नाही, ती मला कशाला वाचवेल? त्या दुपारी मी गेममधली रेकॉर्डची यादी उघडली. पहिला नंबर प्रमोदचा होता. दुसऱ्यापुढे नावच नव्हतं. खेळणारे आम्ही दोघंच, आणि माझा नंबर तिसरा होता.

* * *

कीबोर्ड उघडा पडल्यावर प्रमोदनं नागपूरच्या जुन्या बाजारातून प्लास्टिकचं स्टिअरिंग आणलं, खाली दोन पॅडल असलेलं. ते प्रिंटरच्या खोक्यात लपवून ठेवायचो. शिकवताना तो एकच गोष्ट सांगायचा, "सर, तुम्ही दरीकडे पाहून राहिले. जिकडे जाचं आहे तिकडे पाहा." एवढ्या साध्या गोष्टीनं कोणाचा ड्रिफ्ट सुधारतो का? खरी युक्ती तो लपवतोय, अशी माझी खात्री होती.

म्हणून मी दिलीपभाऊंना बसवलं. ते पंचवीस वर्षं ट्रक चालवत होते आणि अर्ज टाइप करून घ्यायला आले होते. म्हटलं, खऱ्या ड्रायव्हरकडून शिकू.

दिलीपभाऊंनी आधी आरसा कुठे आहे ते विचारलं. मग गाडी काढली. प्रत्येक वळणाआधी वेग कमी केला, मागून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवून पुढे जाऊ दिलं. प्रमोद ओरडत होता, "भाऊ, आडवी करा, आडवी!" त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरकला. जी शर्यत तीन मिनिटांत संपते ती त्यांनी वीस मिनिटांत संपवली. ड्रिफ्टचे पॉइंट शून्य.

उठताना म्हणाले, "माही गाडी पोचली. तुमची एकबी पोचत नाही अन् मले शिकवता?"

* * *

उन्हाळ्यात मोठ्या सरांनी दार लावून आम्हाला सांगितलं की वरून इन्स्पेक्टर येणार आहे. साध्या कपड्यात येईल, नाव-गाव खरं सांगणार नाही, कदाचित विद्यार्थी बनूनच बसेल. त्याला काही वावगं दिसलं तर क्लासची मान्यता जाईल आणि आम्ही चौघंही घरी बसू.

तिसऱ्या दिवशी एक उंच गृहस्थ जिना चढून आले. पन्नाशी उलटलेली, पांढरा पायजमा-सदरा, खांद्यावर दुपट्टा. म्हणाले, कॉम्प्युटर शिकायचा आहे. या वयात? मी रजिस्टर काढलं.

"नाव?"

"नामदेव."

"आडनाव?"

"नामदेवच लिवा."

गाव विचारलं तर म्हणाले, सध्या लाखनीत पाव्हण्याकडे मुक्काम आहे. मी पेन ठेवला आणि आत जाऊन सरांना सांगितलं की आला.

त्या दिवसापासून आमचा क्लास आदर्श झाला. प्रिंटरचं खोकं माळ्यावर गेलं. सर रोज इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागले. मी नामदेवरावांना माउस धरायला शिकवताना तीन वेळा 'कृपया' म्हणालो.

पण त्यांचे प्रश्न विचित्र होते. वर्षा मॅडमना विचारलं, हे शिकवणारे सर रागीट आहेत का? खालच्या चहावाल्याला विचारलं, संध्याकाळी सरांचे पाय सरळ पडतात का? मला तर काही कारण नसताना तीनदा दरवाज्यापर्यंत पाठवलं आणि माझी चाल बघत बसले. शेवटी त्यांनी प्रमोदला बाजूला घेतलं आणि विचारलं, सरांच्या घराण्यात कोणाला काही बिमारी?

प्रमोद पांढराफटक होऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, हा शिक्षण खात्याचा नाही. आरोग्य खात्याचा आहे!"

* * *

दोन दिवस नामदेवराव आले नाहीत. आम्हाला वाटलं, तपासणी संपली. दुपारी सर जेवायला गेल्यावर मी माळ्यावरून खोकं काढलं आणि चार नंबरला बसलो. आसगावला रविवारी मुलगी बघायचा कार्यक्रम ठरला होता. म्हटलं थोडं मन रमवू. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला दरीत. पुन्हा दरीत. पुन्हा.

मागून आवाज आला, "मांगचा भाग काहून धरून ठेवता?"

वळलो तर दुपट्टा दिसला. मी चटकन म्हणालो, "हे प्रशिक्षणाचं सॉफ्टवेअर आहे. लायसन्ससाठी."

"किती दिवसापासून करता?"

"आजच पहिल्यांदा."

नेमकी तेव्हाच स्क्रीनवर रेकॉर्डची यादी आली. दहा ओळी. त्यातल्या सात ओळींवर माझं नाव.

त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत सावकाश वाचली. मग मला खुर्चीवरून उठवून स्वतः बसले. पॅडल चाचपून विचारलं, "एकच ब्रेक? दुसऱ्या चाकाचा कुठं गेला?" मी म्हटलं, गाडीला एकच असतो. त्यांना ते आवडलं नाही. मग म्हणाले, धानाच्या बांधीत चिखल करताना ट्रॅक्टर नुसता स्टिअरिंगनं वळत नाही. पुढची चाकं आपली घसरत जातात. ज्या बाजूला वळायचं, त्या बाजूच्या चाकाचा ब्रेक दाबायचा आणि मागचा भाग फिरू द्यायचा. नजर धुऱ्यावर, म्हणजे समोरच्या बांधावर ठेवायची.

पहिले दोन प्रयत्न भिंतीत गेले. तिसऱ्याला गाडी दुसऱ्या वळणावर आडवी झाली, हळूच पलीकडे कलली आणि तिसरं वळण असं पार करून गेली की मी टाळीच वाजवली. रेकॉर्ड मोडलं होतं. प्रमोदचंसुद्धा!

मी विचारलं, हे कोणी शिकवलं तुम्हाला? त्यांनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. मशीन नाव मागत होतं. "नाव नका लिवू," एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले.

प्रमोदला सांगितलं तर तो म्हणाला, साहेब लोकांचीही शेती असते. मोठ्या सरांना मी काहीच सांगितलं नाही. क्लास आपल्यामुळे बंद पडणार, हे मनात धरून मी रविवारची वाट बघत राहिलो. बेकार माणसाला कोण मुलगी देईल?

* * *

रविवारी आई, मामा आणि मी आसगावला गेलो. अंगणात ट्रॅक्टर उभा होता. मला सवयच आहे, आधी सगळं बघून घ्यायची. सीट पार पुढे सरकवलेली होती आणि पाठीला उशी बांधलेली होती, बुटक्या माणसासाठी लावतात तशी. म्हटलं, घरात बुटकं कोण आहे?

इतक्यात मुलीचे वडील हातपाय धुवायला पाण्याची बादली घेऊन समोर आले. मध्यस्थांनी ओळख करून दिली, "हे शामरावजी."

सहा फूट उंची. खांद्यावर दुपट्टा.

मी बादलीत हात घालून तसाच उभा राहिलो. नामदेव हे त्यांच्या शेजाऱ्याचं नाव होतं, हे मला फार नंतर कळलं. त्यांनी ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही. आत जाऊन बसलो तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. या माणसाशी मी एका दुपारी दोनदा खोटं बोललो, आणि त्याला ते दोन्ही वेळा कळलं.

वैशाली पोहे घेऊन आली. जेमतेम पाच फूट. मला अंगणातल्या ट्रॅक्टरची सीट आठवली. मामांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, तिनं खाली बघून उत्तरं दिली. मग मध्यस्थ रीत म्हणून म्हणाले, "बाई, तुले मुलाले काही विचाराचं असन त विचार."

अशा वेळी मुली मान हलवून नाही म्हणतात. हिनं विचारलं, "तिसरं वळण जमलं काय?"

खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आईनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती मी अजून विसरलेलो नाही. शामरावजी पोह्यांतली मिरची बाजूला काढत होते. 'जमलं' म्हणालो असतो तर लाखनीला जाऊन कोण बघणार होतं? आणि मला ही मुलगी हवी होती. फार हवी होती.

"नाही," मी म्हणालो. "कालही दरीतच गेलो."

शामरावजींनी बशी खाली ठेवली. मामांकडे वळून म्हणाले, "धानाच्या रोवण्याच्या आधी चार दिवस पाठवा जावईबापूले. बांधीत चिखल रायते, पडलं तरी लागत नाही. शिकवून देतो."

आई डोळ्याला पदर लावत होती. मामा अजून विचारत होते की कसलं वळण.

वैशालीनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. माझ्याकडे नाही, वडिलांकडे बघून म्हणाली, "बाबा, तुमाले कोणं शिकवलं, ते बी सांगून टाका."